भूल देताना फेंटानिल कशासाठी?

गेल्या काही वर्षांत मंडळाच्या कार्यक्रमांत भेटणारी मंडळी मला एक प्रश्न हमखास विचारतात. कोणाचे हर्नियाचे ऑपरेशन ठरलेले असते, कोणाच्या आईचे पित्ताशय काढावयाचे असते. ऑपरेशनच्या आधी नर्सचा फोन येतो आणि तिच्या बोलण्यात 'फेंटानिल' हा शब्द येतो. मग प्रश्न असा असतो : "डॉक्टर, टीव्हीवर ज्याने माणसे दगावल्याच्या बातम्या येतात, तेच का हे औषध? आणि ते आमच्या आईला देणार?"

ही भीती स्वाभाविक आहे. आपल्याकडे 'अफूची गोळी' हा शब्दप्रयोगच मुळी वाईट अर्थाने वापरतात, आणि फेंटानिल हे अफूतील मॉर्फिनसारखेच काम करणारे, पण प्रयोगशाळेत तयार केलेले औषध आहे. अशा सर्व औषधांना मिळून ओपिऑइड म्हणतात. काही जण घाबरून "असले काही देऊच नका" असे सांगून मोकळे होतात. काही जण उलट काहीच विचारीत नाहीत आणि सांगावयाच्या गोष्टीही सांगत नाहीत. मी अमेरिकेत बरीच वर्षे भूल देण्याचे काम करीत आहे. या दोन्हींपैकी दुसऱ्या प्रकाराची मला अधिक काळजी वाटते. म्हणून हे औषध कशासाठी देतात, त्याचे धोके कोणते आणि आपण काय करावे, हे जरा सविस्तर पाहू.

त्याच दिवशी घरी

पूर्वी हर्नियाच्या ऑपरेशननंतर पेशंट बरेच दिवस रुग्णालयात पडून असे, आणि नातेवाईक डबे घेऊन ये-जा करीत. १९७० साली ॲरिझोनातील फीनिक्स येथे वॉलेस रीड आणि जॉन फोर्ड या दोन भूलतज्ज्ञांनी रुग्णालयापासून स्वतंत्र असे शस्त्रक्रिया केंद्र सुरू केले. पेशंटने सकाळी यावे आणि संध्याकाळी घरी जावे, अशी त्यामागची कल्पना होती. आज अमेरिकेत हर्निया, पित्ताशय, गुडघ्याची दुर्बिणीतून होणारी शस्त्रक्रिया, स्तनातील गाठ काढणे अशी कितीतरी ऑपरेशने याच पद्धतीने होतात. यालाच आऊटपेशंट सर्जरी म्हणतात.

यात भूल देणाऱ्याचे काम बदलले. ऑपरेशन संपल्यावर तास-दोन तासांत पेशंट शुद्धीवर येऊन, चार शब्द बोलून, स्वतःच्या पायांवर उभा राहून गाडीत बसण्याजोगा व्हावयास हवा. म्हणजे लवकर चढणारी आणि लवकर उतरणारी औषधे हवीत. झोप आणण्यासाठी आज सर्रास वापरले जाणारे, दुधासारखे पांढरे प्रोपोफॉल अमेरिकेत १९८९ साली मंजूर झाले. फेंटानिल त्याआधीचे. बेल्जियममधील डॉ. पॉल जॅन्सन यांनी ते १९६० च्या सुमारास तयार केले. ही दोन्ही औषधे पटकन चढतात आणि थोड्या मात्रेत पटकन उतरतात.

भूल चढतानाची पाच मिनिटे

समजा, तुमचे पित्ताशय दुर्बिणीतून काढावयाचे आहे. ऑपरेशनच्या टेबलावर आडवे झाल्यावर छातीवर ईसीजीच्या पट्ट्या, दंडाला रक्तदाबाचा पट्टा आणि बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा लावला जातो. हाताला सलाईन आधीच लावलेले असते. तोंडावर मास्क ठेवून काही मिनिटे शुद्ध ऑक्सिजन दिला जातो. मग सलाईनच्या नळीतून फेंटानिल दिले जाते. पुष्कळांना या क्षणी डोके हलके झाल्यासारखे वाटते, एखाद्याला खोकल्याची उबळ येते. त्यानंतर प्रोपोफॉल. ते शिरेत झोंबते म्हणून आधी थोडे लिडोकेन देतात. पुढच्या अर्ध्या-एक मिनिटात तुम्ही झोपी जाता. मग स्नायू सैल करणारे औषध देऊन श्वासनलिकेत एक नळी घातली जाते आणि तिच्यातून यंत्राने श्वास दिला जातो. या सर्व क्रमाला इंडक्शन, म्हणजे भूल चढवणे, म्हणतात.

आता प्रश्न असा की प्रोपोफॉलने झोप लागणारच असेल, तर फेंटानिल हवेच कशाला?

आपला घसा आणि श्वासनलिका फार संवेदनशील असतात. जेवताना भाताचे एखादे शीत चुकीच्या वाटेने गेले तरी केवढा ठसका लागतो, हे आपण जाणतोच. श्वासनलिकेत नळी घालताना जीभ आणि घशाचा भाग धातूच्या किंवा प्लास्टिकच्या पात्याने उचलावा लागतो. प्रोपोफॉलने भान जाते, तुम्हाला काही कळत नाही, पण शरीराची प्रतिक्रिया पूर्ण थांबत नाही. नाडी एकदम वाढते, रक्तदाब उसळतो. पंचविशीतल्या निरोगी माणसाचे यात फारसे बिघडत नाही. पण ज्यांची अँजिओप्लास्टी झाली आहे, ज्यांना वर्षानुवर्षे रक्तदाबाचा विकार आहे, त्यांच्या हृदयाला हा धक्का महागात पडू शकतो. फेंटानिल ही उसळी दाबून धरते.

दुसरा उपयोग असा की फेंटानिल दिल्यामुळे प्रोपोफॉल कमी लागते. प्रोपोफॉलने रक्तदाब खाली येतो, म्हणून वयस्कर माणसांत त्याची मात्रा कमी ठेवता आली तर बरेच. आणि तिसरे म्हणजे पहिला छेद घेतला जातो त्या वेळी वेदनाशमनाची सोय आधीच झालेली असते.

सगळ्यांनाच ते तितके लागते असेही नाही. १९८१ साली ब्रिटिश भूलतज्ज्ञ डॉ. आर्ची ब्रेन यांनी श्वासनलिकेत न जाता स्वरयंत्राच्या वरच बसणारा एक छोटा मास्क शोधून काढला. लहानसहान ऑपरेशनांत नळीऐवजी तो वापरता येतो. तो बसवताना घशाला कमी त्रास होतो, त्यामुळे ओपिऑइडही कमी पुरते, कधी लागतही नाही.

मात्रा किती, आणि धोका कोठे

फेंटानिल मॉर्फिनच्या पन्नास ते शंभर पट तीव्र आहे. म्हणून ते मिलिग्रॅममध्ये नव्हे, तर मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. भूल चढवताना साधारणपणे वजनाच्या दर किलोला एक ते दोन मायक्रोग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला ६० ते १२० मायक्रोग्रॅम, इतके दिले जाते. वय वाढते तसा मेंदू या औषधाला अधिक संवेदनशील होतो. ऐंशीच्या घरातल्या माणसाला तरुणाच्या मानाने जवळजवळ निम्मी मात्रा पुरते. शिरेतून दिल्यावर तीन ते पाच मिनिटांत त्याचा पूर्ण परिणाम दिसतो आणि एका मात्रेचे वेदनाशमन अर्धा ते एक तास टिकते.

ओपिऑइडचा सर्वांत मोठा दोष म्हणजे त्याने श्वास मंदावतो. जास्त झाले तर थांबतो. रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या बनावट गोळ्यांमुळे माणसे दगावतात ती याच कारणाने. त्या गोळीत किती फेंटानिल आहे हे घेणाऱ्याला ठाऊक नसते आणि श्वास थांबला तर शेजारी कोणी नसते. ऑपरेशनच्या खोलीत मात्रा मोजलेली असते, श्वास यंत्र देत असते, आणि बाहेर पडणाऱ्या श्वासातील कार्बन डायऑक्साइड पडद्यावर सतत दिसत असतो. उतारा म्हणून नॅलॉक्सोन हे औषधही हाताशी असते. तेव्हा या पाच मिनिटांची भीती तुम्ही भूलतज्ज्ञावर सोपवलीत तरी चालेल. तुम्ही स्वतः लक्ष घालायला हवे ते दोन ठिकाणी. एक, ऑपरेशनपूर्वी आम्हाला काय सांगता. दुसरे, घरी गेल्यावर पहिल्या रात्री काय होते.

घाटात गाडी लागते का?

शस्त्रक्रियेनंतर पेशंट नाराज होतात ते बहुधा उलट्यांमुळे. दुखणे परवडले पण ही मळमळ नको, असे मी कितीदा ऐकले आहे. यात भुलीच्या गॅसचा मोठा वाटा असतो आणि ओपिऑइडचाही असतो. हा त्रास कोणाला होईल याचे एक सोपे गणित १९९९ साली प्रसिद्ध झाले. चार गोष्टी पाहावयाच्या : पेशंट स्त्री आहे का, सिगारेट न ओढणारी आहे का, पूर्वी भुलीनंतर उलट्या झाल्या होत्या किंवा गाडी लागते का, आणि ऑपरेशननंतर ओपिऑइड द्यावे लागणार आहे का. यातले काहीच लागू नसेल तर उलट्यांची शक्यता दहा टक्क्यांच्या आसपास. चारही लागू असतील तर सुमारे ऐंशी टक्के.

आपल्या बहुतेक बायका सिगारेट ओढीत नाहीत, म्हणजे दोन गुण तिथेच झाले. तिसऱ्यासाठी मी सरळ विचारतो, "कोकणात जाताना घाटात गाडी लागायची का?" अमेरिकन नर्सने 'मोशन सिकनेस' विचारले तर "नो, नो" म्हणणाऱ्या काकू या प्रश्नाला मात्र हसून होकार देतात. हे आधी कळले तर आम्ही पुष्कळ काही करू शकतो. गॅसऐवजी प्रोपोफॉलवरच भूल चालू ठेवता येते, ओपिऑइड कमी करता येते, आणि ऑन्डॅन्सेट्रॉन, डेक्सामेथासोन अशी उलटीविरोधी औषधे आधीच देता येतात.

ओपिऑइड वगळताच येणार नाही का?

काही केंद्रांत तसे करतात. पॅरासिटामॉल, म्हणजे येथील टायलेनॉल, आयबुप्रोफेनच्या जातीची औषधे, जखमेच्या जागी सुन्न करणारे इंजेक्शन, एखाद्या नसेला दिलेला ब्लॉक यांचा मेळ घातला की ओपिऑइडची गरज बरीच कमी होते. आज चांगल्या केंद्रांत हे बहुतेक सर्वांना देतात आणि त्यावर फेंटानिल थोडेच वापरतात. पण पूर्ण वगळणे म्हणजे आपोआप अधिक सुरक्षित, असे समजू नये. फ्रान्समधील एक मोठी चाचणी २०२१ साली प्रसिद्ध झाली. तीत एका गटाला ओपिऑइडऐवजी डेक्समेडेटोमिडीन हे औषध दिले होते. त्या गटात मळमळ कमी झाली खरी, पण काही रुग्णांच्या हृदयाचे ठोके अतिशय मंदावले आणि चाचणी मध्येच थांबवावी लागली. तात्पर्य, तुमच्या प्रकृतीला काय योग्य हे भूलतज्ज्ञाशी बोलून ठरवावे. "अजिबात नको" असा हट्ट धरण्याऐवजी "कमीत कमी ठेवता येईल का?" असे विचारावे.

काय सांगावे

मागे एकदा भारतातून मुलाकडे आलेल्या, सत्तरी ओलांडलेल्या एका आजींचे हर्नियाचे ऑपरेशन होते. मुलगा इंग्रजीत सर्व उत्तरे देत होता. रक्तदाबाची गोळी सोडून काही औषध नाही, असे त्याने सांगितले. मी आजींकडे वळून मराठीत विचारले, "आजी, रात्री झोप लागते का?" त्या म्हणाल्या, "न लागायला काय झालं? ती अर्धी गोळी घेते ना रोज." ही अर्धी गोळी अल्प्राझोलामची होती आणि त्या ती बारा-पंधरा वर्षे घेत होत्या. मुलगा चकित झाला. आजींच्या मते ते औषध नव्हतेच, ते "झोपेचं" होते!

या गोष्टीत हसण्यासारखे फारसे नाही. झोपेच्या वा चिंतेच्या या जातीच्या गोळ्या आणि ओपिऑइड एकत्र आले की श्वास मंदावण्याचा धोका कितीतरी वाढतो. २०१६ साली अमेरिकेच्या औषध नियंत्रण खात्याने दोन्ही प्रकारच्या औषधांवर तसा ठळक इशारा छापणे सक्तीचे केले. आजींना आम्ही औषधांच्या मात्रा कमी करून भूल दिली आणि दुपारी जास्त वेळ देखरेखीखाली ठेवून मग घरी पाठविले. मुलाने दिलेले उत्तर तसेच राहिले असते तर ही काळजी घेता आली नसती.

म्हणून पुढील गोष्टी न विचारता सांगाव्यात :

१. झोपेच्या, चिंतेच्या, नैराश्याच्या सर्व गोळ्या. ऑपरेशनसाठी त्या मनाने एकाएकी बंद करू नयेत, तेही धोक्याचे असते.

२. भारतातून आणलेली वेदनाशामके. ट्रामाडॉल हे ओपिऑइडच आहे. काही आयुर्वेदिक औषधांतही अफू असते, कामिनी विद्रावण रस हे त्याचे उदाहरण. गोळ्यांची सर्व पाकिटे एका पिशवीत घालून सोबतच आणावीत.

३. मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास अडखळणे, दिवसा पेंग येणे. हे पतीला किंवा पत्नीला जास्त ठाऊक असते. झोपताना श्वासाचे यंत्र वापरत असाल तर ते बरोबर न्यावे.

४. नॅल्ट्रेक्सोन हे औषध. दारू सोडण्यासाठी ते देतात, वजन कमी करण्याच्या एका गोळीतही ते असते. त्याने ओपिऑइडचा परिणामच अडतो.

५. मधुमेहासाठी वा वजनासाठी घेतले जाणारे ओझेम्पिकसारखे इंजेक्शन. त्याने जठर रिकामे व्हायला वेळ लागतो. ते चालू ठेवावे की थांबवावे, हे डॉक्टर सांगतील.

६. दारू आणि गांजा. आज अनेक राज्यांत गांजा कायदेशीर आहे आणि तो गोळ्या-चॉकलेटांच्या रूपातही मिळतो. रोज घेणाऱ्याला भूल चढवण्यासाठी जास्त औषध लागू शकते. कॉलेजातल्या मुलामुलींचे ऑपरेशन असेल तर आईवडिलांनी पाच मिनिटे खोलीबाहेर जावे. मुलांनी डॉक्टरांना खरे सांगणे हे आपल्याला ते कळण्यापेक्षा महत्त्वाचे आहे.

आईवडिलांना इंग्रजी येत नसेल तर दुभाष्याची मागणी करा. सरकारी पैसा घेणाऱ्या रुग्णालयांना ही सोय विनामूल्य द्यावीच लागते आणि फोनवर मराठी दुभाषी मिळतो. मुलासमोर किंवा सुनेसमोर न सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी परक्या दुभाष्यापुढे सहज सांगितल्या जातात.

उपाशी राहण्याच्या नियमाबद्दलही एक सूचना. स्वच्छ पातळ पेय दोन तास आधीपर्यंत चालते असे सांगतात. त्यात पाणी येते, बिनदुधाचा चहा येतो. आपला दुधाचा चहा येत नाही! त्याला सहा तास धरावे लागतात. भूल चढताना जठरात दूध असेल आणि ते उलटून फुप्फुसात गेले, तर प्रसंग जिवावर बेतू शकतो.

पहिली रात्र

ऑपरेशननंतर चोवीस तास गाडी चालवू नये, महत्त्वाच्या कागदांवर सह्या करू नयेत आणि घरात एक जबाबदार मोठे माणूस असावे, हे सर्व केंद्रे सांगतात. भूल चढतानाचे फेंटानिल तोवर बहुतेक उतरलेले असते. खरा प्रश्न असतो घरी दिलेल्या गोळ्यांचा, कारण त्या पुष्कळदा ओपिऑइडच्या असतात. दिवसभराचा थकवा, उरलेली गुंगी, त्यावर ही गोळी आणि नेहमीची झोपेची गोळी असा मेळ रात्री दहा वाजता जमतो. तो जमू देऊ नका. आधी टायलेनॉल आणि डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर आयबुप्रोफेन घड्याळ लावून घ्यावे. एवढ्याने दुखणे थांबले नाही तरच ओपिऑइडची गोळी. अशा अनेक गोळ्यांत पॅरासिटामॉल मिसळलेले असते. त्यावर बॅगेतली क्रोसिन, डोलो किंवा कॉम्बिफ्लॅम घेतली तर दिवसाची कमाल मर्यादा, चार ग्रॅम, कधी ओलांडली जाते ते कळत नाही आणि यकृताला इजा होते.

पेशंट हाक मारूनही नीट जागा होत नसेल, श्वास अगदी संथ किंवा अडखळत असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर "दमलेत, झोपू द्या" असे म्हणू नका. ताबडतोब ९११ फिरवा. नॅलॉक्सोनचा नाकात मारावयाचा फवारा २०२३ पासून अमेरिकेत डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळतो. ओपिऑइडच्या गोळ्या घरात असतील तर तोही असावा.

या गोळ्यांनी पोट साफ होत नाही. अशा वेळी नुसत्या इसबगोलाने भागत नाही, पाणी कमी पडले तर त्रास वाढतोच. सोनामुखीची, म्हणजे येथील सेना नावाची, गोळी केव्हा घ्यावी ते विचारून ठेवावे.

व्यसन लागेल का?

भूल चढताना मिळालेल्या एका मात्रेने व्यसन लागत नाही. त्या वेळी तुम्ही क्षणात झोपी जाता आणि पुन्हा घेण्याची संधी नसते. काळजी गोळ्यांची. अमेरिकेत २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, पूर्वी ओपिऑइड न घेणाऱ्या आणि ऑपरेशनच्या वेळी त्या गोळ्या आणलेल्या रुग्णांपैकी सुमारे सहा टक्के लोक तीन महिन्यांनंतरही त्या नव्याने आणीत होते. ऑपरेशन लहान की मोठे, याने फारसा फरक पडला नव्हता. म्हणून गोळ्या कमीत कमी मागाव्यात, लागतील तेवढ्याच दिवस घ्याव्यात आणि उरलेल्या औषधांच्या दुकानातील किंवा पोलीस ठाण्यातील परत घेण्याच्या पेटीत टाकाव्यात. "कधीतरी उपयोगी पडतील" म्हणून कपाटात जपून ठेवण्याची आपली सवय येथे घातक आहे. घरात तरुण मुले असतील तर अधिकच.

भूलतज्ज्ञ ऑपरेशनपूर्वी तुम्हाला भेटतो तेव्हा चार प्रश्न जरूर विचारा : मला ओपिऑइड देणार का आणि किती? दुखणे कमी करण्यासाठी आणखी काय देणार? उलट्या होऊ नयेत म्हणून काय करणार? आणि आज रात्री माझ्या नेहमीच्या गोळ्यांपैकी कोणत्या घेऊ नयेत? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर कागदावर लिहून घ्या आणि रात्री सोबत राहणाऱ्या माणसाच्या हातात द्या.

वरील माहिती सर्वसाधारण स्वरूपाची आहे. प्रत्येकाची प्रकृती वेगळी असते, तेव्हा औषधांत कोणताही बदल आपल्या डॉक्टरांना विचारूनच करावा.